पार्कात चालतं, ते पोस्टाच्या पार्किंगमध्ये का चालत नाही?

प्लॅनोहून एका गृहस्थांनी विचारलंय. ग्रीन कार्ड येऊन आठ महिने झाले, गेल्या महिन्यात टेक्सासचं लायसन्स टू कॅरी (एलटीसी), म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगण्याचा परवाना, हातात आला. शनिवारचा त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो: सकाळी मुलांना घेऊन पार्क, मग लायब्ररी, वाटेत पोस्टात पार्सल टाकायचं, दुपारी मुलीची मराठी शाळा. शर्टाखाली पिस्तूल ठेवून यातल्या कुठे कुठे जाता येईल? एक मित्र सांगतो, सरकारी जागा म्हटली की बंदी. दुसरा म्हणतो, हे टेक्सास आहे, खुशाल कुठेही जा.

दोघंही चुकीचं सांगताहेत, आणि दुसऱ्याचं ऐकलंत तर जास्त महागात पडेल.

आधी सरळ उत्तर देतो. शहराच्या पार्कात चालतं. शहराच्या लायब्ररीत बहुतेक वेळा चालतं. पोस्टात चालत नाही, आणि पोस्टाच्या पार्किंगमध्ये गाडीत ठेवूनही चालत नाही. मराठी शाळेचं उत्तर ती कुठल्या इमारतीत भरते यावर आहे. पण हे चार शब्द पाठ करून थांबू नका, कारण पुढच्या शनिवारी तुम्ही पाचव्या ठिकाणी जाल. कुठे चालतं आणि का चालतं, हे एकदा समजलं की पाटी दिसली नाही तरी तुम्ही अडखळणार नाही.

मी डॅलसच्या उत्तरेला बारा वर्षं एलटीसीचे वर्ग घेतोय. वकील नाही. खाली लिहितोय ते टेक्सासपुरतं, एलटीसी असलेल्या माणसापुरतं आणि झाकून बाळगलेल्या पिस्तुलापुरतं आहे. टेक्सासची विधानसभा विषम सालांत बसते आणि बहुतेक नवे कायदे त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला लागू होतात. म्हणून दर दोन वर्षांनी सप्टेंबरमध्ये सगळं पुन्हा तपासायचं, ही सवय आत्ताच लावून घ्या.

वर्गात मी पहिल्या तासाला फळ्यावर एकच प्रश्न लिहितो: जागा कोणाची? खाजगी मालकाची, शहराची किंवा राज्याची, की केंद्र सरकारची? आपल्याकडे "सरकारी" या एका शब्दात सगळं येतं, आणि आपल्या लोकांचा घोटाळा नेमका तिथेच होतो. इथे प्लॅनो शहराची लायब्ररी आणि शेजारचं पोस्ट, दोन्ही सरकारीच. पण दोघांचा मालक वेगळा आहे, कायदा वेगळा आहे आणि खटला चालवणारं कोर्टही वेगळं आहे.

शहराच्या जागेपासून सुरुवात करू. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावातल्या लूबीज नावाच्या खाणावळीत एका माणसाने २३ जणांना ठार केलं. तिथे जेवायला आलेल्या सुझाना हप यांचे आईवडील त्यात गेले. त्यांचं स्वतःचं पिस्तूल बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हा ते अंगावर बाळगणं बेकायदा होतं. त्यांनी जागोजागी जाऊन साक्ष दिली, पुढे त्या आमदारही झाल्या. १९९५ साली परवान्याचा कायदा झाला. २०२१ पासून तर २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. या सगळ्या प्रवासात राज्याने एक गोष्ट आपल्या हातात घट्ट धरून ठेवली: परवानाधारकाला कुठे बंदी, हे राज्य ठरवणार, गावोगावच्या नगरपालिका नाहीत. २०१५ पासून तर असाही कायदा आहे की ज्या सरकारी जागेत राज्याने बंदी घातलेली नाही तिथे एखाद्या शहराने परवानाधारकासाठी "बंदूक आणू नये" अशी पाटी लावली, तर दंड त्या शहरालाच होतो. ऑस्टिनच्या सिटी हॉलवरून राज्याने शहरावर खटला भरला आणि २०१९ मध्ये शहराला ९,००० डॉलरचा दंड झाला.

म्हणून तुमचा नेहमीचा पार्क, तिथले झोपाळे, तळ्याकाठची पायवाट, सहलीचे मांडव, तिथे तुम्हाला अडचण नाही. मुलांचं गल्लीतलं क्रिकेट पाहायला उभे राहिलात तरी नाही. पण त्याच मैदानावर हायस्कूलचा, कॉलेजचा किंवा व्यावसायिक संघाचा सामना असेल, तर तिथे बंदी लागू होते. आणि शहराची जमीन एखाद्या खाजगी संस्थेला जत्रेसाठी दिलेली असेल तर वाद होतो. २०२४ मध्ये डॅलसच्या फेअर पार्कवर स्टेट फेअरने बंदूकबंदी केली. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी तिला कोर्टात आव्हान दिलं, पण कोर्टांनी बंदी थांबवायला नकार दिला आणि जत्रा बंदीसकट पार पडली. असल्या दिवशी वाद वकिलांना घालू द्या, तुम्ही पिस्तूल घरी ठेवा.

पार्काच्या बाबतीत एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. तुमच्याकडची कितीतरी पार्कं प्राथमिक शाळेला लागून आहेत. केंद्राचा शाळा-परिसराचा कायदा शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांपर्यंत बंदूक बाळगायला मनाई करतो. हा कायदा एकदा सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये रद्द केला होता, तोही सॅन अँटोनिओच्या एका हायस्कूलमधल्या प्रकरणावरून. नंतर काँग्रेसने त्यात दुरुस्ती करून तो पुन्हा आणला. त्यात सूट आहे ती त्याच राज्याने परवाना दिलेल्या माणसाला. तुमच्या खिशात एलटीसी आहे म्हणून तुम्ही शाळेशेजारच्या फुटपाथवरून चालू शकता. परवान्याशिवाय बाळगणाऱ्याला ही सूट नाही. "आता परवान्याची गरजच काय?" असं मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. त्यांना मी नकाशावर त्यांच्या घराभोवतीच्या शाळा दाखवतो.

आता पार्कांमधला खरा सापळा. प्लॅनोच्या पूर्वेला लवॉन तळं आहे. उन्हाळ्यात आपली निम्मी मंडळी तिकडे भेळेचे डबे घेऊन जातात. ते तळं आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सचं, म्हणजे केंद्राच्या लष्करी अभियंता दलाचं आहे, लुईसव्हिल आणि ग्रेपव्हाइन ही तळीही त्यांचीच. कोअरच्या जमिनीवर भरलेली बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्राच्या नियमाने मनाई आहे. शिकार, मान्य केलेली नेमबाजीची रेंज किंवा जिल्हा कमांडरची लेखी परवानगी असेल तरच सूट. तिथे एलटीसी दाखवून उपयोग नाही. दंड ५,००० डॉलरपर्यंत आणि कैद सहा महिन्यांपर्यंत होऊ शकते, आणि हजर व्हायचं ते फेडरल मॅजिस्ट्रेटसमोर. दिसायला मात्र हे अगदी साधं पार्क असतं: तीच बाकं, तीच शेगडी, तीच बदकं. ओळख फक्त पाटीवरून पटते. तपकिरी पाटी आणि तिच्यावर छोटा लाल, तीन बुरुजांचा किल्ला. वर्गात मी या किल्ल्याचा फोटो दोनदा दाखवतो. एका विद्यार्थ्याने मला थेट गेटवरून फोन केला होता, "सर, पाटीवर तो किल्ला आहे, आता काय करू?" बायको, मुलं, सासूबाई गाडीत, बर्फाची पेटी मागे. मी म्हटलं, गाडी वळवा. ते पंचवीस मिनिटं परत गेले, पिस्तूल तिजोरीत ठेवलं आणि पुन्हा आले. जेवण उशिरा झालं, एवढंच.

नॅशनल पार्कचं गणित त्याहून वेगळं. २२ फेब्रुवारी २०१० पासून तिथे ज्या राज्यात पार्क आहे त्या राज्याचा कायदा चालतो. त्यामुळे बिग बेंडच्या पायवाटेवर तुम्ही कायद्यात बसता. पण तिथल्याच व्हिजिटर सेंटरच्या काचेच्या दारातून आत पाऊल टाकलंत की ती फेडरल इमारत झाली. उघड्यावर एक नियम, छपराखाली दुसरा. मुलांना शिक्के मारून घ्यायला आत जायचंच असतं, तेव्हा पिस्तूल कुठे ठेवायचं हे गाडीतून उतरायच्या आधीच ठरलेलं असावं.

इमारतींकडे येऊ. शहराची लायब्ररी ही पार्कासारखीच, राज्याने बंदी घातलेल्या यादीत ती नाही. पण त्या इमारतीत आणखी काय चालतं ते पाहा. सिटी कौन्सिलची किंवा एखाद्या बोर्डाची खुली सभा असेल आणि तशी नोटीस लावलेली असेल, तर त्या खोलीत बंदी. कोर्ट आणि कोर्ट वापरतं त्या कचेऱ्यांत बंदी. मतदानाच्या दिवशी आणि आगाऊ मतदानाच्या दिवसांत मतदान केंद्रात बंदी, आणि आपल्याकडे आगाऊ मतदान कित्येकदा लायब्ररीतच असतं. ऑक्टोबरच्या शेवटी पुस्तक परत करायला गेलेला माणूस नेमका तिथे अडकतो. लहान गावांत म्युनिसिपल कोर्ट, पाण्याचं बिल भरायची खिडकी आणि पोलीस ठाणं एकाच छताखाली असतं. अशा इमारतीत बंदी किती भागाला लागते यावर वकील तासभर बोलतील. मी स्वतः तिथे बिल भरायला जातो तेव्हा पिस्तूल गाडीत कुलूपबंद ठेवतो. या यादीतल्या कित्येक जागांबाबतचा गुन्हा थर्ड डिग्री फेलनी आहे, म्हणजे दोन ते दहा वर्षांची कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. त्यापुढे माझ्या दोन मिनिटांची किंमत काय?

राज्याच्या कायद्यात या यादीसाठी "प्रिमायसेस" म्हणजे इमारत किंवा तिचा भाग. पार्किंग, फुटपाथ, गाडीरस्ता त्यात येत नाही. म्हणून शाळेच्या किंवा कोर्टाच्या पार्किंगमध्ये गाडीत, नजरेआड ठेवलेलं पिस्तूल परवानाधारकाला चालतं.

आणि इथेच लोकांची गफलत होते. हीच सवय घेऊन ते पोस्टात जातात. पोस्ट केंद्राचं आहे. पोस्टाच्या नियमात "पोस्टाची मालमत्ता" असा शब्द आहे, नुसती इमारत नव्हे. उघड, झाकून किंवा ठेवलेली, कुठल्याही प्रकारे बंदूक तिथे नको, आणि त्यात पार्किंग आलं. पोस्टाच्याच एका कर्मचाऱ्याने कर्मचाऱ्यांच्या पार्किंगमध्ये गाडीत पिस्तूल ठेवलं होतं. त्याची शिक्षा २००९ मध्ये फिफ्थ सर्किट या केंद्राच्या अपील कोर्टाने कायम केली, आणि टेक्सास याच सर्किटखाली येतं. जानेवारी २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी पोस्टाच्या इमारतीतल्या बंदीवर घटनेच्या आधारे आरोप रद्द केला, ही बातमी तुमच्या मित्राने वाचली असेल. पण एका प्रकरणातला निकाल तुमच्या गाडीवर छत्री धरत नाही. पार्सल टाकायचं असेल त्या दिवशी पोस्टाचं काम आधी उरका, पिस्तूल घरी ठेवून.

बाकी केंद्राच्या कचेऱ्यांना, म्हणजे सोशल सिक्युरिटी, फेडरल कोर्ट, इमिग्रेशन यांना इमारतीपुरता कायदा आहे: जिथे केंद्राचे कर्मचारी नेहमी कामाला बसतात ती जागा, मग ती भाड्याची का असेना. साध्या कचेरीत एक वर्षापर्यंत, कोर्टात दोन वर्षांपर्यंत कैद. बोटांचे ठसे द्यायला किंवा नागरिकत्वाच्या मुलाखतीला जाल, त्या दिवशी घरातून निघतानाच कमरेचं होल्स्टर काढून ठेवा. रोजच्या सवयीने ते अंगावर आहे हेच माणूस विसरतो. होल्स्टरची क्लिप पट्ट्यात बसली की तासाभरात त्याचं वजन जाणवेनासं होतं.

मराठी शाळेचं आता लक्षात आलं असेल. मंडळाने पब्लिक स्कूलचे वर्ग भाड्याने घेतले असतील, तर शनिवार असो की रविवार, ती शाळेचीच इमारत. पिस्तूल आत नाही. गणपतीचा, दिवाळीचा कार्यक्रम हायस्कूलच्या सभागृहात असेल तरी तेच. शाळा देवळाच्या हॉलमध्ये भरत असेल तर देवळाच्या विश्वस्तांवर आहे. २०१९ पासून प्रार्थनास्थळं इतर खाजगी जागांसारखीच धरली जातात. दारावर राज्याच्या दंडसंहितेतल्या कलम ३०.०६ ची, म्हणजे "थर्टी ओ सिक्स"ची पाटी असेल तर आत न्यायचं नाही. ही पाटी कशी ओळखायची? इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत कायद्यातला ठरलेला मजकूर, किमान एक इंच उंचीची ठळक अक्षरं, उठून दिसणारा रंग. पिस्तुलावर लाल रेघ मारलेलं नुसतं चित्र म्हणजे ती पाटी नाही. पण मी विद्यार्थ्यांना सांगतो की चित्र असलं तरी मालकाची इच्छा कळली ना, मग मान द्या. आणि कोणी तोंडी सांगितलं तर लगेच बाहेर पडा. तोंडी सांगूनही न निघणं हा मोठा गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैदेचा. नुसती पाटी ओलांडली तर २०० डॉलरपर्यंत दंड.

"दोनशे डॉलर? भरून टाकू." हे वाक्य मी वर्गात ऐकतो, आणि ज्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे त्याने ते म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. हे सगळं उत्तर मी लिहायला बसलो ते या परिच्छेदासाठी. इथल्या नागरिकाला जो किरकोळ दंड आहे, तो तुम्हाला देशाबाहेर काढण्याचं कारण होऊ शकतो. इमिग्रेशन कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी वेगळं कलम आहे: कुठल्याही कायद्याचा भंग करून बंदूक बाळगल्याबद्दल दोषी ठरलेला परदेशी नागरिक हद्दपारीला पात्र ठरतो. गुन्हा मोठाच हवा अशी अट त्यात नाही. शिवाय "दोषी" या शब्दाचा अर्थ तिथे टेक्सासपेक्षा रुंद आहे. इथलं कोर्ट "डिफर्ड ॲडज्युडिकेशन" देतं, म्हणजे गुन्हा कबूल करा, काही महिने नीट वागा, शिक्षा नोंदवत नाही. राज्याच्या लेखी ती शिक्षा नाही, इमिग्रेशनच्या लेखी ती शिक्षाच. म्हणून कधी काही झालंच, तर कागदावर सही करण्यापूर्वी, दंड भरण्यापूर्वी, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. फौजदारी वकिलाने तुम्हाला हा धोका सांगितलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ठरवून दिलंय. तरीही तुमचं ग्रीन कार्ड आहे हे त्याला पहिल्या वाक्यात सांगा. आणि नागरिकत्वाच्या अर्जात प्रत्येक अटक आणि प्रत्येक चालान विचारतात, तेव्हा तिथे काही लपवायला जाऊ नका.

माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने एका किरकोळ वाटणाऱ्या चालानापायी दोन वर्षं झोप घालवली. शेवटी निभावलं, पण आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांना भारतात जाता आलं नाही, कारण परत येताना विमानतळावर अडवतील ही भीती. तेव्हापासून ग्रीन कार्डवाल्यांना मी एकच सांगतो: शंका असेल त्या दाराशी तुमचं उत्तर "नाही" असंच असू द्या.

त्याच ओघात घरातल्यांचं. तुमचा भाऊ किंवा मित्र एच-वन-बी वर असेल, तर त्याच्या हातात पिस्तूल देऊ नका, अगदी रेंजवर "एक राऊंड मारून बघ" म्हणूनही नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्राची मनाई आहे. त्यात काही सूट आहेत, नेहमीच्या वापरातली म्हणजे त्याच्याकडे चालू शिकारीचा परवाना असणं. २०२२ पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि देणाराही गुन्हेगार ठरतो. उन्हाळ्यात आईबाबा बी-टू व्हिसावर येतात, तेव्हा तिजोरीचा आकडा त्यांना ठाऊक नसावा. मुलांच्या बाबतीतही: १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागेल असं ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे.

गाडीत ठेवायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वरच्या निम्म्या जागांचं उत्तर "गाडीत ठेवा" असंच आहे. दरवाज्याच्या कप्प्यात किंवा आसनाखाली मोकळं ठेवू नका. पोलादी लहान पेटी घ्या, तिची जाड तार आसनाच्या लोखंडी रुळाला गुंडाळून पेटीत अडकवा. आणि पार्किंगमध्ये पोचल्यावर काढाघालीचा खेळ करू नका, कोणीतरी पाहत असतं. पिस्तूल होल्स्टरसकट काढा, चापाला कशाचाही स्पर्श नको. शक्यतो एक चौक आधी, शांत जागी गाडी थांबवून हे उरका.

शेवटचं, प्रवासाचं. न्यू जर्सीत बहिणीकडे जाणार असाल तर पिस्तूल घरी. तिथे आणि न्यूयॉर्कमध्ये तुमचं एलटीसी मानत नाहीत, आणि न्यूयॉर्कने २०२२ नंतर पार्कंही बंदीच्या यादीत घातली आहेत. भारतात जाताना रेंजवर नेलेली बॅग विमानाला वापरू नका. मुंबई विमानतळावर खिशाच्या शिवणीत राहिलेलं एक काडतूस सापडलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. ते नकळत राहिलं होतं हे कोर्टात पटवता येतं, पण तोवर सुट्टी, नोकरी आणि परतीचं तिकीट गेलेलं असतं. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या आणि ती गॅरेजमधून घरात आणूच नका.

मराठी शाळा कुठल्या इमारतीत भरते ते मंडळाला विचारून कळवा, म्हणजे त्याचं पक्कं उत्तर देतो.